दारावरची रिकामी ताटली

यारंबी, दक्षिण ऑस्ट्रेलिया
६ ऑगस्ट १९८९

प्रिय मानोली,

नऊ वर्षांत तुझी दोन पत्रं. पहिलं म्हणजे बाबांच्या अंत्यविधीला आलेली तार, तिला पत्र म्हणायचं की नाही ते तूच ठरव. दुसरं हे, चार ओळींचं. दुकान बंद करा, आईला ॲडलेडला हलवा, त्या ताटल्या मागेल त्याला देऊन टाका, गाव आपल्याला हसतं हे तुम्हाला दिसत कसं नाही.

तर उत्तर ऐक. दुकान बंद होणार नाही. आई हलणार नाही. ताटल्या मात्र खरंच जाणार आहेत, पण तू म्हणतोस तशा टाकून दिल्यासारख्या नाहीत.

ऑक्टोबरात यारंबीला शंभर वर्षं होतात. जुन्या बँकेच्या इमारतीत पाहुण्यांसाठी दालन होतंय आणि शताब्दी समितीला आपल्या दुकानाच्या भिंतीवरच्या सगळ्या ताटल्या तिथे मांडायच्या आहेत, काचेच्या कपाटांत. तीनशे सोळा आहेत, मी मोजल्या. अजून प्रत्येकीच्या पाठीवर चिकटपट्टी आहे आणि पट्टीवर नाव. पेनहेल, होकिंग, ट्रेगेन्झा. बाबा, म्हणजे गावाचा जॅक, दर रविवारी सकाळी गावच्या हॉलची किल्ली घेऊन जायचे, शनिवारच्या नाचानंतर विसरलेल्या ताटल्या धुऊन आणायचे आणि तारेच्या आकड्यांनी भिंतीला लावायचे, जिची तिनं ओळखून न्यावी म्हणून. आता कोण नेतं? आता बायका मुद्दाम विसरतात. नवी सून आली की सासू विचारते, "जॅकच्या भिंतीवर लागली का गं तुझी ताटली?" याला तू हसणं म्हणतोस?

हो, दारावरचीही जाणार आहे. मला ठाऊक आहे, तुझं सगळं तिच्यापाशी अडतं. नाचाच्या जाहिरातीत लिहिलेलं असायचं, पुरुषांना दोन शिलिंग, बायकांना एक ताटली. ताटली म्हणजे खायचं काहीतरी भरून आणलेली ताटली, हे इथल्या पोरासोरांनाही कळतं. ग्रीसमधल्या बेटावरून नुकत्याच आलेल्या आपल्या आईला कळलं नाही, ती रिकामीच घेऊन गेली. झालं ते एवढंच. गाव तीस वर्षं ही गोष्ट सांगतंय, पण प्रेमानं सांगतंय. ट्रेव्हर ट्रेगेन्झानं फुटबॉल क्लबात तुला विचारलं, "आज तुझ्या आईनं काय आणलंय रे, हवा?" आणि तू त्याचं नाक फोडलंस. ते नाक अजून गव्हाच्या कोठारांकडे वळलेलं आहे. त्यानं काय साधलं? तू देशाच्या पार दुसऱ्या टोकाला पोर्ट हेडलंडला, आणि आम्ही तुझी खोली झाडत बसलोय.

समितीनं ताटल्यांच्या पाट्या लिहायचं काम मला दिलंय. आपल्या घरातली पहिली पदवी माझी आहे, मानोली, काहीतरी कामाला यायला नको? मला वाटतं, गोष्ट नीट लिहिली की लाज उरत नाही.

आई या सगळ्यावर काही बोललेली नाही. फक्त शिडी कुठे ठेवलीय ते सांगत नाही.

तू ऑक्टोबरात ये.

तुझी फोतिनी
(गावासाठी अजून टीनाच)


२७ ऑगस्ट १९८९

प्रिय मानोली,

शिडी सापडली. मागच्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांच्या मागे, वर ताडपत्री टाकून ठेवली होती. बावन्न वर्षांच्या बाईनं एवढी जड शिडी एकटीनं तिथवर ओढत नेली, यावरूनच मला कळायला हवं होतं.

पण मला एवढंच कळत होतं की समितीचे कॉलिन पेनहेल गुरुवारी मापं घ्यायला येणार आहेत. म्हणून आई टपालाच्या पिशव्या घ्यायला गेलेली असताना मी चढले आणि दारावरची ताटली काढली. तीस वर्षांत ती कोणी काढलेली नव्हती. पुसताना पुसताना उलटी केली.

पाठीवर पट्टी होती, पण तिच्यावर गावानं आईला दिलेलं 'स्टेला' नव्हतं आणि आपलं आडनावही नव्हतं. ग्रीक अक्षरांत दोन ओळी होत्या. तू मला काउंटरवर सांडलेल्या पिठात बोटानं अक्षरं शिकवायचास, आठवतं? तेवढ्याच बळावर मी त्या वाचल्या. दुसरं कुणी मला शिकवलेलंच नाही.

"पहिल्यांदा भरलेली. दुसऱ्यांदा रिकामी."

आई परतली तेव्हा ताटली काउंटरवर पालथी होती. तिनं पिशव्या खाली ठेवल्या, ताटलीकडे पाहिलं, आणि सार्डिनचे डबे रचायला घेतले.

"आई, हे काय आहे?"

"ताटली."

"पाठीवर काय लिहिलंयस?"

"वाच की. मोठी शिकलीयस ना?"

"वाचलं. म्हणजे तू दोनदा गेली होतीस?"

"मग? एकदा जाऊन गाव तीस वर्षं हसतं होय?"

तिनं आणखी चार डबे रचले आणि मग सांगितलं. डब्यांना सांगावं तसं. मी तिच्याच शब्दांत लिहिते.

"नोव्हेंबर अठ्ठावन्न. मला येऊन दोन महिने झालेले. मी मर्ल ट्रेगेन्झाला, ट्रेव्हरच्या आईला, इथे, याच काउंटरवर हातवारे करून विचारलं, ताटली म्हणजे काय? तिनं नीट सांगितलं हो. तोंडाशी हात नेऊन दाखवलं, खायचं आण. वाईट बाई नव्हती. मी चाळीस डोल्मे केले. बेटावरून माझ्या आईनं बरणीत खारवून दिलेली द्राक्षाची पानं होती, शेवटची. आपला वेल तेव्हा नुसती काठी होता. पानात भात गुंडाळला, वर लिंबू पिळलं, ताटलीत असे गोल रचले. केक आणि सँडविचांच्या मध्ये ठेवले. एकीनं काट्यानं टोचून पाहिलं. मग काटा पुसला."

"आणि?"

"आणि काय? चाळीस नेले, चाळीस उरले. भांडी घासायला म्हणून मागे गेले, तर मर्ल माझी ताटली बादलीत उलटी करत होती. कोंबड्यांच्या बादलीत. मला बघून लाजली बिचारी. ताटली स्वच्छ धुऊन हातात दिली."

फेब्रुवारीत ती पुन्हा नाचाला गेली. आईनं तीच ताटली राखेनं घासून लखलखीत केली, रिकामी नेली, आणि टेबलाच्या बरोब्बर मध्ये ठेवली.

"तुम्हाला माझं नको ना? मग हे घ्या. असं म्हणायचं होतं मला. त्यांना वाटलं, अरेरे, हिला समजलंच नाही. पहिल्या ताटलीची आठवणच कुणी ठेवली नव्हती."

"तू सांगितलं का नाहीस कधी?"

"कशात सांगू? तेव्हा इथल्या भाषेतले वीस शब्द होते माझ्याकडे, त्यातले दहा किराण्याचे. पुढे शब्द आले, तर तुझे बाबा म्हणाले, दुकान चालवायचंय, राहू दे."

मानोली, अजून एक आहे. भिंत. मी लहानपणापासून पाहतेय, ताटली न्यायला आलेल्या बाईला आई काउंटरवर डोल्मा खायला लावायची. मला वाटायचं पाहुणचार. पाहुणचार नव्हता तो, अट होती. आत ये, एक खा, तुझी ताटली घेऊन जा. पुढेपुढे लोकांना चव लागली आणि ती अट आहे हे मीसुद्धा विसरले. पण पिठाच्या फळीवरच्या पहिल्या अकरा ताटल्या बघ, त्या सगळ्या एकोणसाठ-साठ सालच्या. त्या अकराजणींनी ताटली सोडली, पण तोंडात घातलं नाही. दुसरी ताटली मर्ल ट्रेगेन्झाची आहे, निळ्या काठाची, तिच्या आजीच्या लग्नातली.

आईनं शेवटचा डबा ठेवला आणि म्हणाली, "त्यांनी माझं टाकलं. मी त्यांचं टांगलं."

आता समितीचा मसुदा ऐक. दारावरच्या ताटलीसाठी मधलं कपाट राखलंय, आणि पाटी अशी: "रिकामी ताटली: नव्या देशातली एक गोड चूक. हिच्यापासून यारंबी हसायला शिकलं आणि एक परकी बाई आपली झाली." ज्यानं हे लिहिलं त्याला धड काही विचारावंसंही वाटलं नाही!

फोतिनी


१७ सप्टेंबर १९८९

प्रिय मानोली,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ: "हे वाक्य गावातल्या कुणाचं वाटत नाही. कोणी लिहिलं?"

मी.

मागच्या पत्रात हे लिहायचं टाळलं. आता टाळत नाही. शेवटच्या वर्षाचा माझा प्रबंध होता, स्थलांतरित बायका आणि गावाचं सामाजिक जीवन. त्यातल्या पहिल्याच पानावर हे वाक्य आहे. परीक्षकांनी समासात 'सुरेख' असा शेरा दिला होता. समितीनं प्रबंध मागितला, मी फुशारकीनं दिला, त्यांनी वाक्य उचललं. आईविषयी ऐंशी पानं लिहिली, मानोली, आणि आईला एक प्रश्न विचारला नाही. गावाला विचारलं. गाव हसत हसत सांगत होतं, मी उतरवून घेत होते. ट्रेव्हरनं जे क्लबात म्हटलं, ते मी विद्यापीठात म्हटलं. मला मात्र त्यासाठी पदवी मिळाली.

प्राध्यापकांना कळवलं की प्रबंधातलं पहिलं प्रकरण खोटं आहे, ते रद्द धरावं. त्यांचं उत्तर आलं, एकदा दिलेले गुण बदलता येत नाहीत, प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदन. ते पत्र मी मांजराच्या टोपलीत अंथरलंय.

मंगळवारी दुपारी समितीची बैठक झाली. हॉलच्या स्वयंपाकघरात, कारण मोठ्या खोलीत रंग चालू आहे. कॉलिन पेनहेल, मर्ल ट्रेगेन्झा आणि आणखी तिघं होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, पाटी खोटी आहे, ती मी लिहिली, मी मागे घेते. ताटलीही मागे घेते.

कॉलिन म्हणाले, "अगं टीना, थोडी गंमत आहे ती. सगळ्या जिल्ह्याला माहीत असलेली गोष्ट. लोक तीच बघायला येणार."

"म्हणूनच."

"तुझी आई स्वतः हसते की या गोष्टीवर!" मर्ल म्हणाल्या.

"हसत नाही, मिसेस ट्रेगेन्झा. दात दाखवते."

कुणीतरी खोकलं. मी पट्टीवरच्या दोन ओळी वाचून दाखवल्या, आधी आपल्या भाषेत, मग त्यांच्या. सांगितलं की आई पहिल्यांदा भरलेली ताटली घेऊन आली होती, कुणी हात लावला नाही, नंतर सगळं टाकून दिलं. एवढंच. नाव कुणाचं घेतलं नाही. आईनं बजावलं होतं.

मर्लनी पर्सची कडी दोनदा उघडली, दोनदा लावली. "तीस वर्षांपूर्वी बादलीत काय गेलं न् काय नाही, कुणाला आठवतंय आता?"

"मी बादली म्हटलंच नव्हतं," मी म्हटलं.

नळ गळत होता.

कॉलिन म्हणाले, दारावरची नसेल तर बाकीच्यांना अर्थ नाही, मधलं कपाट रिकामं दिसेल. मी म्हटलं, मग बाकीच्याही राहू देत, त्या आपल्या भिंतीवर सुखी आहेत. ते वैतागले, "आणि एवढी काचेची कपाटं केलीत त्यांत काय ठेवू? माझे बूट?" मी म्हटलं, ठेवा, त्यांच्यावरची पाटी तरी खरी असेल. हे बोलायला नको होतं. कॉलिननी मला सायकल शिकवलीय. पण बोलले, आणि पश्चात्ताप होत नाही.

तेव्हापासून दुकानात जरा शांत आहे. होकिंगबाई पाव घेतात आणि हवामानावर बोलतात. दोघी जणी कोठारांच्या रस्त्यावरून वळसा घालून शेजारच्या गावात खरेदीला जातात, आई त्यांना दारातून हात करते. शुक्रवारी ट्रेव्हर आला. वळलेलं नाक, हातात टोपी. म्हणाला, माझ्या आईनं निळ्या काठाची ताटली मागितलीय, समितीला निदान तेवढी तरी मांडायची आहे.

आई म्हणाली, "जिची ताटली तिनं यावं."

"तिचे गुडघे दुखतात, मिसेस के." आपलं आडनाव गावाला अजून एवढंच जमतं.

"माझेही दुखतात. मी तीस वर्षं उभी आहे इथे."

तो निघाला, दारात थांबला. म्हणाला, "मानोलीला सांग..." आणि टोपी डोक्यावर चढवून गेला. मी आहे तसं कळवतेय.

तू लिहिलं होतंस, गाव हसतं ते तुम्हाला दिसत कसं नाही. तुझं बरोबर होतं. तुझं चुकलं ते एवढंच, की तूही आईला नाही विचारलंस. तुलाही वाटलं तिला समजलं नव्हतं. त्याचीच तुला लाज होती ना? त्या बाईला सगळं समजलं होतं. आपण दोघंच तेवढे अडाणी.

फोतिनी


२९ ऑक्टोबर १९८९

प्रिय मानोली,

तू आला नाहीस. तुझी खोली झाडून ठेवली होती ती आता परत धुळीची झालीय, कापणी जवळ आली की कशी धूळ उडते ते तुला माहीत आहे. रागावून लिहीत नाही. झालं ते सांगायला लिहितेय.

गुरुवारी सकाळी मर्ल ट्रेगेन्झा आल्या. एकट्या, काठी टेकत. पायरी चढायला त्यांना इतका वेळ लागला की मी हात द्यायला निघाले, तर आईनं माझी बाही धरली.

"स्टेला," त्या म्हणाल्या.

"स्तामातिया," आई म्हणाली.

"ते मला नाही जमायचं गं."

"तीस वर्षं ट्रेगेन्झा म्हणतेय मी. माझी जीभ काय लोखंडाची आहे?"

मर्लनी प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेला जवळपास आलं. आईनं मान हलवली, आत गेली, आणि बशीत एक डोल्मा घेऊन आली. एकच. आपल्या वेलाचं कोवळं पान होतं, या मोसमातलं पहिलं. काटा दिला नाही. मर्लनी तो बोटांनी उचलला, डोळे मिटले, आणि औषध घ्यावं तसा तोंडात टाकला. कवळी असल्यामुळे चावायला बराच वेळ लागला. आई काउंटरवर दोन्ही हात टेकून पाहत होती.

गिळून झाल्यावर मर्ल म्हणाल्या, "कोंबड्यांनाही आवडले होते हो."

मला वाटलं, संपलं. आता आई काठी हिसकावून घेणार.

"त्या आठवड्यात," मर्ल पुढे म्हणाल्या, "अंडी अशी दिली त्यांनी, काय सांगू. मला रोज वाटायचं, येऊन सांगावं. पण काय तोंडानं सांगायचं?"

आई हसली. दात दाखवले नाहीत, हसली. पोट धरून, काउंटरवर डोकं टेकून. मग शिडी आणायला मलाच पाठवलं, आणि निळ्या काठाची ताटली स्वतः पुसून मर्लच्या हातात दिली. त्यांनी ती कपाटात ठेवायला दिली नाही. काल दुपारी शताब्दीच्या समारंभाला हॉलमध्ये तीच ताटली होती, वर स्पंज केक.

आईनंही दारावरची ताटली नेली. चाळीस डोल्मे, गोल रचलेले. मी म्हटलं, पट्टीवरचं मी मोठ्या अक्षरांत लिहून शेजारी ठेवू का? म्हणाली, "तुझ्या पाट्या पुरे झाल्या. खायचं असतं त्याच्याशेजारी कशाला वाचायला लावतेस लोकांना?"

सगळ्यांनी खाल्ले असं लिहिलं तर ते माझ्या प्रबंधासारखं होईल. ट्रेव्हरनं पाच खाल्ले. होकिंगबाईंनी एक घेतला आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला, मी पाहिलं. कॉलिननी माझ्याकडे बघत बघत दोन खाल्ले, म्हणाले, "बुटांपेक्षा बरे आहेत." शेवटी सहा उरले. धुवायला मागे गेलो तेव्हा तिथे बादली होतीच. आईनं एकदा बादलीकडे पाहिलं, ताटली उचलली आणि हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या देखत तिनं ते सहाही एकटीनं खाल्ले, बोटं चाटून. मी शेजारी बसले, तर मला एकही दिला नाही.

मी विचारलं, "पट्टीवर तिसरी ओळ लिहायची का?"

"जागा नाही."

ताटली परत दारावर लागलीय. तीनशे पंधरा ताटल्या भिंतीवर आहेत आणि तिथेच राहतील. पिठाच्या फळीवर निळ्या काठाची जागा मोकळी आहे, भिंतीचा जुना रंग गोल दिसतो. आईला म्हटलं दुसरी लावू, तर म्हणाली, नको, ती जागा मानोलीची.

तेव्हा आता ऐक. अट तुलाही तीच आहे, आत यायचं, एक खायचं. डिसेंबरात सुट्टी मिळेल ना? येताना ताटली आण. भरलेली आणलीस तर उत्तमच. अजून राग असेल, तर रिकामी आण. या घरात ती वाचता येते.

तुझी
फोतिनी